बोअरच्या तोंडाकडं न बघता

प्रिय अप्पा,

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. काल उदगीरला तुमच्या घरी जेवण होतं. पंगत उठल्यावर तुमच्या महेशनं मला पुढं बोलावलं. म्हणाला, "काका, अप्पांसोबत सगळ्यात जास्त काम तुम्ही केलं. चार शब्द बोला."

मी उभा राहिलो. अंगणात माणसं बसलेली, तुमच्या मागं राहिलेल्या काकू दाराशी भिंतीला टेकलेल्या. "अप्पा" एवढं म्हणालो आणि पुढं काही सुचेना. खाली बसलो. लोकांना वाटलं, मला हुंदका आला. हुंदका नव्हता तो. थकवा होता. तुमच्यावर बोलायचं तर सुरुवात कुठून करायची?

म्हणून आज लिहायला बसलो. तुम्हाला कागदाचा कंटाळा, माहीत आहे मला. ऑफिसचं पत्र आलं की "वाचून सांगा, साहेब" म्हणायचात. तसंच समजा. मीच वाचून दाखवतोय.

आठवतं का आपलं ते पहिलं ऑफिस? उस्मानाबादेतून लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. सगळीकडं ताज्या रंगाच्या पाट्या. आपल्याला भाड्याच्या दोन खोल्या मिळाल्या होत्या. जिल्ह्याला पाणी शोधून देणारं ऑफिस, आणि त्याच्या माठात पाणी नसायचं. मी बिलोलीचा, भूगर्भशास्त्राची पदवी घेऊन आलेला पंचविशीतला पोरगा. माझं काम, गावात जाऊन जमिनीत सळ्या ठोकायच्या, मीटर लावून खालच्या दगडाचा अंदाज घ्यायचा आणि बोअर कुठं मारायचा तो पॉइंट द्यायचा. तुम्ही बोअरच्या गाडीवरचे ड्रिलर. मी खूण करायची, तुम्ही छिद्र पाडायचं.

तुम्ही पन्नाशीला आलेले. कपाळावर भस्म, गळ्यात इष्टलिंग, उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच. मला "साहेब" म्हणायचात. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

गाडी सुरू करण्याआधी तुम्ही रोज हातात लिंग घेऊन दोन मिनिटं डोळे मिटायचात. मला वाटायचं, पाणी मागता. एकदा विचारलं तर म्हणालात, "न्हाई हो. पाणी मागून कुठं लागतंय? हात नीट चालू दे म्हणतो. आमच्यात कामाला कायक म्हणतात. कायक आपलं. पाणी आपलं न्हाई."

म्हातारा काहीतरी बोलतो, असं म्हणून मी सोडून दिलं.

माझा पहिलाच पॉइंट लागला. नव्वद फुटांवर पाण्याचा असा फवारा उडाला की गाडीचा पत्रा धुऊन निघाला. लोकांनी मला खांद्यावर घेतलं, हार घातला. दुसरा लागला, तिसरा लागला. मीटिंगमधे मोठ्या साहेबांनी माझं नाव घेतलं. गावोगाव "पाणीवाले साहेब" म्हणायला लागले. तुम्ही तेव्हा गाडीचे रॉड पुसत उभे असायचात. तुम्हाला कुणी हार घातल्याचं मला आठवत नाही. आणि मी कधी माझ्या गळ्यातला काढून तुमच्या गळ्यात घातला नाही, हेही लिहून टाकतो.

मग दुष्काळ आला. पावसानं लागोपाठ दोन वर्षं पाठ फिरवली. विहिरींचे तळ दिसले, टँकर दोन-दोन दिवसांनी यायला लागले. आणि नेमके तेव्हाच माझे पॉइंट कोरडे जायला लागले. एक गेला. दुसरा गेला. तिसऱ्या गावात दोनशे फूट नुसता काळा फुफाटा उडाला. गाडी थांबली तेव्हा एक म्हातारी रिकामी घागर पुढ्यात ठेवून रडायला लागली. मी तिच्याकडं बघू शकत नव्हतो. आणि तुम्ही? तुम्ही हात धुतले, फडकं सोडलं आणि भाकरी खायला बसलात.

माझं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत ओरडलो, "अप्पा, तुम्हाला काहीच वाटत नाही का?"

तुम्ही घास खाली ठेवलात. "वाटतं की, साहेब. पण वाटायचं काम अन् गाडीचं काम एका येळेला जमत न्हाई. आत्ता दुसऱ्या गावाला जायचंय. उपाशी माणसाच्या हातून रॉड सुटतो."

दगडाचा माणूस आहे हा, असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं. ऑफिसात चार जणांना तसं बोलूनही दाखवलं. तुमच्या कानावर गेलं असेलच. तुम्ही कधी विचारलं नाहीत.

त्यानंतर मी फार बिघडलो, अप्पा. ठोकलेल्या सळ्या उपटून पुन्हा ठोकायचो. एकच आकडा पाच-पाचदा घ्यायचो. मीटर एक सांगायचं आणि माझं लक्ष गावकऱ्यांच्या तोंडाकडं. ते कुठल्या बाजूला बघतात, त्यावर माझा अंदाज हलायचा. मग मी एक पळवाट शोधली. ओढ्यात, नाल्यात पॉइंट द्यायचे. सखल जागा, पाणी लागण्याची खात्री जास्त. बाया वर वस्तीत राहतात, त्यांनी तिथवर यायचं कसं, हा प्रश्न माझ्या कागदात नव्हताच. कागदावर फक्त एक रकाना होता. पाणी लागलं की नाही. तो भरला की मी सुटलो.

असंच आपण सावरमाळला गेलो. उदगीरच्या पलीकडं, गाव खाली आणि एक वस्ती वर माळावर. चाळीसेक घरं. वरच्या लोकांसाठीच बोअर मंजूर झालेला. मी वस्तीजवळ मीटर लावलं. खोलवर काहीतरी दाखवत होतं, पण पुसट. खाली नाल्यात लावलं तर स्पष्ट. मी नाल्यात चुन्याची खूण केली. सरपंचही खूश, कारण नाला गावाच्या जवळ.

वस्तीवरची गिरजाबाई तिथं उभी होती. साठीची असेल. ती एवढंच म्हणाली, "साहेब, हितं लागलं तर गावाला लागलं. आमी वरून येऊस्तोवर पाण्याची पाळी निघून जाती."

मी म्हणालो, "बाई, वर पाणी लागायची खात्री नाही."

तुम्ही गाडी आणली होतीत, पण ती जागी स्थिर करायचे जॅक टेकवले नाहीत. खाली उतरलात. गिरजाबाईच्या हातातली घागर घेतलीत, गाडीच्या टाकीतल्या पाण्यानं भरलीत, खांद्यावर घेतलीत आणि माळ चढायला लागलात. मी मागून, "अप्पा, हे काय?" तुम्ही वळूनही बघितलं नाहीत. ऊन तर असं की दगडावर हात ठेववत नव्हता. वर पोचेपर्यंत तुमचा सदरा भिजला होता. गिरजाबाईच्या दारात घागर उतरवलीत आणि लिंबाखाली बसलात. तिची सून आतून बाहेर आली. सातवा महिना असावा. तिनं घागर उचलून आत नेली.

"मी दमलो, साहेब," तुम्ही म्हणालात. "ती पोरगी ह्याच घागरीच्या दोन खेपा रोज करते."

मग तुम्ही विचारलंत, "मीटर खरं काय म्हणून राहिलंय?"

"वर आहे काहीतरी. खोल. पण अप्पा, हाही कोरडा गेला तर चौथा होईल माझा."

"तुमचा?"

एवढा एकच शब्द. मला तो अजून टोचतो.

मग तुम्ही तुमचा उजवा हात माझ्यापुढं धरलात. तीन वर्षं सोबत काम करूनही मी त्या बोटांबद्दल कधी विचारलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत, "माझ्या सासुरवाडीत बोअर घेत होतो. बायकोचं माहेर. सासू समोर खाट टाकून बसलेली. माझ्या डोक्यात एकच, आज पाणी काढून दाखवायचंच. दगडाचा आवाज बदलला, मला ऐकू आला, तरी थांबलो न्हाई. जोर लावला. रॉड आत अडकला. तो सोडवायच्या नादात हात मधी गेला, बोटं गेली. अन् रॉड तुटून आतच राहिला. त्या भोकात पाणी होतं, साहेब. ओल लागली होती. मीच बुजवलं ते. घाई मनात होती, हातात उतरली."

मी म्हणालो, "मग आता पाण्याचा विचारच करत नाही तुम्ही?"

"गाडी चालू असताना न्हाई करत. बोअरच्या तोंडाकडं बघतच न्हाई. लोक बघतात की. खामखा मी कशाला बघू? मी दगड ऐकतो. तेवढं एक काम नीट होतं मग."

मी खाली जाऊन नाल्यातली खूण पायानं पुसली. सरपंच रागावले. "वर कोरडा गेला तर जिम्मा तुमचा," म्हणाले. वस्तीच्या कडेला दुसरी खूण केली. कशी केली ते मला आठवत नाही, पण मीटर जिथं सांगत होतं तिथंच केली.

गाडी सुरू झाली. पन्नास फूट, काही नाही. शंभर, काही नाही. सगळी वस्ती गोल करून उभी. दीडशेला सरपंच म्हणाले, "बोललो होतो मी." मी त्या तोंडाकडं नुसता बघत होतो, जसं काही माझ्या बघण्यानं पाणी वर येणार होतं.

तुम्ही ओरडून म्हणालात, "साहेब, उगं सुम्ने तिकडं बघत बसू नका. हिकडं या. माझे ढीग बघा."

दर दहा फुटांना वर येणारा चुरा तुम्ही ओळीनं मांडून ठेवायचात, छोटे छोटे ढीग. मी ते रोज बघायचो आणि बघत नव्हतो. त्या दिवशी मी खाली बसलो. एकेक ढीग हातात घेतला. "चावून बघा," तुम्ही म्हणालात. मी चिमूट तोंडात टाकली. दाताखाली करकर. पुढचा, करकर. पुढचा. मग एक ढीग आला, त्यात करकर कमी, दगड मऊ. रंग जरा जांभळट, त्यात पांढरे ठिपके. मी कॉलेजात शिकलेलं सगळं त्या चिमटीत होतं. मला वस्ती दिसेनाशी झाली, सरपंच ऐकू येईनासे झाले. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. शेवटी मी मान वर करून म्हणालो, "अप्पा, सावकाश घ्या. इथं थर बदलतोय. जोरात गेलात तर चिखल बसून झिरपा बंद होईल."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. पहिल्यांदाच, साहेब म्हणून नाही, सोबत काम करणारा म्हणून. गाडीचा जोर कमी केलात.

एकशे बहात्तर फुटांवर धूळ उडायची थांबली. मातीच्या गोळ्या यायला लागल्या. मग पाणी. फवारा नव्हता तो. करंगळीएवढी धार. एका हापशापुरती. हार नाही, गुलाल नाही. गिरजाबाई पुढं आली, गढूळ पाणी ओंजळीत घेऊन प्याली. "खारं न्हाई," म्हणाली आणि घागर आणायला वळली.

त्यानंतरची तीसेक वर्षं मी तसंच काम केलं. पॉइंट लागले, कोरडेही गेले. पण ठोकलेली सळी मी पुन्हा उपटली नाही. कोरडा गेला तर का गेला, ते दगडात वाचायला शिकलो आणि पुढचा पॉइंट थोडा बरा द्यायला लागलो. लोक विचारायचे, तुमचे पॉइंट इतके कसे लागतात? काय सांगणार? पाणी लागो म्हणून तडफडणं सोडल्यावर लागायला लागले, हे कुणाला पटणार होतं?

तरी एक गोष्ट मला पचली नाही. निवृत्तीच्या दहाएक वर्षं आधी मी सावरमाळला गेलो होतो. हापसा कोरडा. दांडा गंजलेला. गावाभोवती उसासाठी लोकांनी सहाशे-सातशे फुटांचे बोअर घेतले होते, वरचं सगळं पाणी खाली ओढलं गेलं. वस्तीच्या बाया पुन्हा माळ उतरत होत्या. मी तिथून थेट तुमच्याकडं उदगीरला आलो. तुम्ही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, ओट्यावर बसला होतात. मी म्हणालो, "अप्पा, सावरमाळचा गेला."

तुम्ही विचारलंत, "किती वर्षं चालला?"

"एकोणीस."

"गिरजाबाई?"

"वारली. नातू भेटला. त्या सुनेचा मुलगा."

मग तुमच्या डोळ्यातून पाणी आलं. मी इतक्या वर्षांत तुम्हाला रडताना पाहिलं नव्हतं. मी घाबरून उठायला लागलो तर माझा हात धरून खाली बसवलंत. "बसा. आता कुठं गाडी चालू हाय? आता वाटू द्या."

आपण दोघं त्या ओट्यावर तसेच बसलो, काकूंनी चहा आणून ठेवला तो निवून गेला. ज्याला मी दगड म्हणालो होतो, तो माणूस इतकं सगळं कुठं ठेवत होता, अप्पा? आणि किती वर्षं?

आता ते सांगतो, जे काल अंगणात सांगता आलं नाही.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी औश्याकडच्या एका गावात होतो. निवृत्तीनंतरही कुणी बोलावलं तर पॉइंट द्यायला जातो. यंदा पुन्हा पाऊस नाही. सकाळी अकराला महेशचा फोन आला, "अप्पा गेले, काका. चारला न्यायचं. निघा."

गाडी नव्वद फुटांवर होती. ड्रिलर परराज्यातला, नवीन, भरभर रॉड घालत होता. चुरा बाजूला ठेवायची त्याला सवय नाही. मी निघालो असतो तर त्यानं डोळे मिटून कितीही खोल नेलं असतं. मी स्वतःला म्हणालो, तास-दीड तास. मी खाली बसलो. ढीग मांडले, चुरा चावला. मनात तुम्ही होतात, तरी मी दगड वाचत राहिलो. सव्वातीनशे फुटांवर म्हणालो, बस, इथं नाही, थांबवा. तेव्हा अडीच वाजून गेले होते. बोअर कोरडा गेला.

उदगीरची एसटी मिळायला उशीर झाला. मी पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. तुमच्या रीतीप्रमाणं तुम्हाला बसवून माती दिली होती. माती ओली होती, वर बेलाची पानं. तुमचा चेहरा मला बघायला मिळाला नाही.

काकूंना म्हणालो, "मला उशीर झाला."

काकू म्हणाल्या, "कामावर होता न्हवं? असू द्या. महेश झाला तवा हे बी गाडीवरच होते. चौथ्या दिवशी आले. म्हनले, मधी सोडता येत नव्हतं."

हे त्या समजूत घालायला बोलल्या, की इतक्या वर्षांचं साठलेलं बोलल्या, मला कळलं नाही. तेव्हापासून तेच एक वाक्य घेऊन फिरतोय. अप्पा, तुम्ही मला पाण्याचा लोभ सोडायला शिकवलंत. त्यानं माझं काम सुधारलं, माझं आयुष्य सुधारलं. पण गाडी चालू असताना ती सोडून कधी निघायचं, हे नाही शिकवलंत. का? की ते तुम्हालाच कधी जमलं नाही?

रागानं विचारत नाही. आता राग करायचं त्राण नाही. मी सत्तरीच्या उंबऱ्यावर आलोय, गुडघे दुखतात, आणि हा जिल्हा अजून टँकरची वाट बघतोय. फक्त वाटतं, हे आपण त्या ओट्यावर बसून बोलायला हवं होतं.

येत्या शुक्रवारी काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. महेशला रजा नाही. त्याच दिवशी औश्याच्या त्या गावात दुसरा बोअर आहे. मी गुरुवारी जाऊन मीटर लावीन, वस्तीला जवळ पडेल असा पॉइंट देईन, त्या ड्रिलरला ढीग कसे मांडायचे ते दाखवीन आणि परत येईन. शुक्रवारी सकाळी सातपासून मी काकूंपाशी असेन. डोळ्यावर पट्टी असेपर्यंत त्यांचा हात धरून बसेन. आणि तुम्हाला वचन देतो, पाणी लागलं का म्हणून त्या गावाला फोन करणार नाही.

तुमचा,
विश्वनाथ